शॉ ब्रदर्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हाँगकाँगच्या जुन्या चित्रपटांबद्दल मी लिहू लागल्यापासून तेच ते प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत राहतात. बहुतेक प्रश्न ब्रूस लीपासून सुरू होतात आणि शॉ ब्रदर्स या तिथल्या चित्रपट कंपनीपाशी येऊन थांबतात. म्हणून ते एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शॉ ब्रदर्स म्हणजे नेमके कोण? किती भाऊ होते?

चार. रनजे, रनदे, रनमे आणि रनरन. घराणं मूळचं निंगबोकडचं, वडील शांघायमध्ये रंग आणि कापडाचा व्यापार करायचे. चौघांच्या नावांची सुरुवात सारखी आहे, कारण एका पिढीच्या भावांच्या नावात एक अक्षर समान ठेवायची चिनी घरांत रीत होती. यांच्या पिढीचं अक्षर 'रन'. त्यामुळे 'रनरन' हे टोपणनाव नाही, हे आधी सांगून टाकतो.

जगाला नाव माहीत आहे ते या रनरन यांचंच. जन्म १९०७ चा, निधन ७ जानेवारी २०१४ रोजी, वयाच्या १०६ व्या वर्षी. बहिणी धरून भावंडांत त्यांचा नंबर सहावा, म्हणून हाँगकाँगमध्ये सगळे त्यांना 'सहावे काका' म्हणत. पण पाया घातला थोरल्या रनजे यांनी. त्यांचं नाव मागे पडलं याची मला खंत वाटते.

२. हा स्टुडिओ शांघायचा, सिंगापूरचा की हाँगकाँगचा? प्रत्येक ठिकाणी वेगळं वाचायला मिळतं.

तिन्ही बरोबर आहे, फक्त काळ वेगळा. १९२५ मध्ये रनजे यांनी शांघायला 'थ्येनयी' ही चित्रपट कंपनी काढली. रनमे सिंगापूरला गेले, काही वर्षांत रनरनही त्यांच्या मदतीला पोहोचले आणि दोघांनी तिथे चित्रपटगृहांची साखळी उभी केली. १९३४ मध्ये थ्येनयीने हाँगकाँगला बस्तान हलवलं. पुढे आग लागून नुकसान झालं, कारभार रनदे यांच्याकडे आला आणि कंपनीचं नाव 'नानयांग' झालं. १९५० च्या दशकात रनदे यांचीच 'शॉ अँड सन्स' आली. १९५७ मध्ये रनरन सिंगापूरहून हाँगकाँगला आले आणि १९५८ मध्ये 'शॉ ब्रदर्स (हाँगकाँग)' स्थापन झाली. आज आपण ज्यांना 'शॉचे चित्रपट' म्हणतो ते या शेवटच्या कंपनीचे.

सिंगापूरची 'शॉ ऑर्गनायझेशन' ही रनमे यांच्या शाखेची. ती आजही तिथे चित्रपटगृहं चालवते.

३. चित्रपट बनवणारे लोक चित्रपटगृहांच्या धंद्यात का शिरले?

नाइलाजाने. माझ्या मते शॉ कुटुंबाची सगळी गोष्ट समजून घ्यायची किल्ली इथेच आहे, म्हणून हे उत्तर जरा लांबवतो.

रनजे आधी वकील होते, मग शांघायमधलं एक नाटकगृह चालवू लागले. रोज संध्याकाळी तिकीट काढून येणारा माणूस त्यांनी जवळून पाहिला होता. त्या काळी इतर चित्रपट कंपन्या आधुनिक शहरी कथा, पाश्चात्त्य वेश, सुधारणेचे विषय यांच्या मागे होत्या. रनजे यांनी उलटी वाट धरली: लोककथा, दंतकथा, जुन्या वेशातले नायक-नायिका. १९२६ मध्ये त्यांनी ल्यांग शानबो आणि चू यिंगताय यांची प्रेमकथा पडद्यावर आणली आणि ती जोरात चालली.

ते पाहून प्रतिस्पर्ध्यांनी १९२८ मध्ये हातमिळवणी केली. मिंगशिंग या मोठ्या कंपनीच्या पुढाकाराने सहा कंपन्यांचा गट झाला आणि त्यांनी चित्रपटगृहवाल्यांना अट घातली: आमचे चित्रपट हवे असतील तर थ्येनयीचे लावायचे नाहीत. घरचं दार असं बंद झाल्यावर दक्षिणेकडचा बाजार हाच आधार उरला. मलाया, सिंगापूर, जावा इथे लाखो चिनी मजूर आणि व्यापारी होते. गावाकडची, आजीने सांगितलेली गोष्ट पडद्यावर पाहायला ते आसुसलेले होते. रनमे आणि रनरन मलायाच्या गावोगावी प्रोजेक्टर घेऊन हिंडले. आपल्याकडच्या टुरिंग टॉकीजसारखेच मोकळ्या जागेत खेळ लावले. मग भाड्याची चित्रपटगृहं, मग स्वतःची. दुसऱ्या महायुद्धाआधी ही साखळी शंभराच्या पुढे गेली होती.

दुसऱ्याच्या चित्रपटगृहावर अवलंबून राहिलो तर एका रात्रीत बुडू शकतो, हा धडा त्या बहिष्काराने दिला आणि पुढची साठ वर्षं तो कुटुंबाच्या प्रत्येक निर्णयात दिसतो. चित्रपट आपला, वितरण आपलं, पडदाही आपला.

जपानी ताब्याच्या काळात (१९४२ ते १९४५) सिंगापूरची मालमत्ता हातची गेली. सोनं आणि जवाहीर अंगणात पुरून ठेवलं होतं आणि युद्धानंतर ते काढून धंदा पुन्हा उभा केला, असं रनरन पुढे सांगत.

४. सिंगापुरात शॉ यांच्याकडे भारतीय दिग्दर्शक होते म्हणे. खरं का?

खरं आहे, आणि मुंबईशी असलेला हा धागा आपल्याकडे फारच थोड्यांना ठाऊक आहे. १९३० च्या दशकात सिंगापुरात बनलेल्या 'लैला मजनून'ला पहिला मलय बोलपट मानलं जातं. त्याला पैसा पुरवला मुंबईच्या मोतीलाल केमिकल कंपनीने आणि दिग्दर्शक होते बी. एस. राजहंस. युद्धानंतर शॉ यांनी सिंगापूरच्या जालान आंपास या रस्त्यावर 'मलय फिल्म प्रॉडक्शन्स' चालवलं, तेव्हा राजहंस तिथे आले. त्यांच्यामागून एल. कृष्णन, एस. रामनाथन आणि फणी मजुमदार आले. कलकत्त्यात 'स्ट्रीट सिंगर' करणारे आणि पुढे मुंबईत 'आरती' करणारे तेच हे फणीदा. त्यांनी १९५६ मध्ये शॉसाठी 'हांग तुआह' हा मलय चित्रपट केला. त्यातला नायक पी. रामली हा मलय पडद्याचा सर्वांत लाडका कलावंत. नट, गायक, संगीतकार आणि नंतर दिग्दर्शकही.

मलय चित्रपटांत गाणी, विरह आणि ताटातुटी इतक्या ओळखीच्या का वाटतात, याचं उत्तर इथे सापडतं. मालक चिनी, दिग्दर्शक भारतीय, नट मलय, आणि तिन्ही समाजांचे प्रेक्षक शॉच्याच चित्रपटगृहांत. त्याच चित्रपटगृहांत हिंदी आणि तमिळ चित्रपटही लागत.

५. मूव्हीटाउन म्हणजे काय? फक्त मोठा स्टुडिओ?

हाँगकाँगमधल्या क्लिअरवॉटर बे इथली सुमारे ४६ एकरांची डोंगरउताराची जागा सरकारकडून घेऊन रनरन यांनी ही वसाहत बांधली. ६ डिसेंबर १९६१ रोजी तिचं उद्घाटन झालं. ऐन भरात तिथे पंधराच्या आसपास स्टेज होते, कायमचे उभे केलेले जुन्या चिनी गावाचे रस्ते, पूल आणि वाडे होते. रंगीत फिल्म धुण्याची स्वतःची प्रयोगशाळा, ध्वनिमुद्रण, शिवणकाम, सुतारकाम, नटांना घडवणारी शाळा, चाहत्यांसाठी मासिक, आणि कलाकार-कामगारांना राहायला इमारती. हजाराहून अधिक माणसं पगारावर होती.

काम पाळ्यांत चाले. एकाच वाड्यात सकाळी एका चित्रपटाचं लग्न आणि रात्री दुसऱ्याची तलवारबाजी. खांबांचा रंग आणि पडदे बदलले की सेट नवा. वर्षाला चाळीसपर्यंत चित्रपट असे बाहेर पडत. शॉचे बरेच चित्रपट ओळीने पाहिले की तोच पूल, तोच जिना ओळखू येऊ लागतो. मला ती ओळख फार प्रिय आहे. गावातल्या जुन्या वाटेवरून पुन्हा गेल्यासारखं वाटतं.

करार मात्र कडक असत. महिन्याचा ठरलेला पगार, वर्षानुवर्षांचं बंधन, बाहेर काम करायला मनाई. गाजलेल्या नट-नट्यांनाही कमाईत वाटा नसे. त्याचा परिणाम प्रश्न १० मध्ये पाहा.

६. हाँगकाँगचे लोक कँटोनीज बोलतात, मग शॉचे चित्रपट मँडरिनमध्ये का?

कारण ते फक्त हाँगकाँगसाठी नव्हतेच. १९४९ नंतर मुख्य चीनचा बाजार जवळजवळ बंद झाला. उरले तैवान, सिंगापूर, मलाया, थायलंड आणि जगभरची चिनी वस्ती. यांच्या बोली निरनिराळ्या: होक्कियन, तेओच्यू, कँटोनीज, हक्का. मँडरिन ही शाळेतून सगळ्यांच्या कानावर पडलेली भाषा आणि तैवानची अधिकृत भाषा. शिवाय चित्रपटाखाली चिनी अक्षरांत मजकूर असे. ती अक्षरं कुठलीही बोली बोलणारा साक्षर चिनी माणूस वाचू शकतो.

याला ठळक अपवाद आहे. १९७३ मध्ये छोर युएन यांनी शॉसाठीच 'बहात्तर भाडेकरूंचं घर' हा कँटोनीज चित्रपट केला. त्या वर्षी हाँगकाँगमध्ये त्याने ब्रूस लीच्या 'एंटर द ड्रॅगन'लाही कमाईत मागे टाकलं. मरायला टेकलेला कँटोनीज चित्रपट त्यातून पुन्हा उठला.

७. शॉ म्हणजे सुरुवातीपासून मारामारीचे चित्रपट ना?

मुळीच नाही. पहिली मोठी लाट गाण्यांची होती. ह्वांगमेई नावाच्या लोकनाट्याच्या चालींवर रचलेले, राजवाड्यांचे आणि प्रेमकथांचे रंगीत संगीतपट. त्याचे उस्ताद ली हान-श्यांग. त्यांचा १९६२ चा एक चित्रपट कान महोत्सवात तांत्रिक कामगिरीसाठी गौरवला गेला.

१९६३ मध्ये त्यांनी 'द लव्ह इटर्न' केला. कथा तीच, ल्यांग आणि चू यांची, जी रनजे यांनी १९२६ मध्ये केली होती (प्रश्न ३). कॅथे ही प्रतिस्पर्धी कंपनी याच कथेवर चित्रपट करते आहे हे कळल्यावर शॉने मूव्हीटाउनची सगळी ताकद लावून आपला आधी पूर्ण केला. तैपेईत लोक वेड्यासारखे गेले. एकेकाने तो कितीतरी वेळा पाहिला. त्यातल्या नायकाचं काम आयव्ही लिंग पो या स्त्रीने केलं आहे. बालगंधर्वांची परंपरा सांगणाऱ्या आपल्या प्रेक्षकाला याचं आश्चर्य वाटू नये, फक्त इथे अदलाबदल उलटी आहे. कथेतही मुलगी शिकण्यासाठी मुलाचा वेश घेते, म्हणजे पडद्यावर एक स्त्री पुरुष झालेली आणि दुसरी पुरुषाच्या सोंगात. शेवटी दोघं फुलपाखरं होतात तेव्हा मला आजही रडू आवरत नाही.

पुढच्याच वर्षी, २० जून १९६४ रोजी, कॅथेचे प्रमुख लोक वान थो तैवानमध्ये विमान अपघातात गेले. कॅथे त्यातून पुरती सावरली नाही. शॉसमोर तोडीचा स्पर्धक काही वर्षं राहिला नाही.

८. वूशिया आणि कुंग फू एकच का?

नाही. वूशियामध्ये शस्त्र असतं, बहुधा तलवार. जुना काळ असतो आणि अन्यायाविरुद्ध उभा राहणारा भटका वीर असतो. उड्या आणि झेपा माणसाच्या आवाक्याबाहेरच्या चालतात. कुंग फू चित्रपट हात-पायांचा, शरीराच्या कसाचा.

शॉमध्ये वूशियाची नवी सुरुवात १९६६ मध्ये किंग हू यांच्या 'कम ड्रिंक विथ मी'ने झाली. नायिका चेंग पेई-पेई नृत्य शिकलेली. खानावळीतल्या प्रसंगात ती शांत बसलेली असते आणि भोवती गुंड जमतात, ते एकदा पाहाच. किंग हू संथ आणि काटेकोर काम करत. दर महिन्याला ठरावीक माल काढणाऱ्या कारखान्यात ते बसणं अवघड होतं. ते तैवानला निघून गेले. १९६७ मध्ये चांग चेह यांचा 'वन-आर्म्ड स्वोर्ड्समन' आला. गुरूच्या मुलीने हात तोडलेला शिष्य, अर्धी जळालेली पोथी आणि बापाची मोडकी तलवार. हाँगकाँगमध्ये दहा लाख डॉलरांच्या पुढे कमाई करणारा तो पहिला स्थानिक चित्रपट. चांग यांच्यानंतर नायिका मागे सरल्या आणि उघड्या छातीचे, रक्तबंबाळ होऊन उभ्या उभ्या मरणारे तरुण पुढे आले. त्यांच्याच हाताखाली जॉन वू सहायक होते.

कुंग फूमध्ये माझं मन लाऊ कार-लेउंग यांच्याकडे ओढ घेतं. त्यांचे वडील लाम साई-विंग यांचे शिष्य आणि लाम हे प्रसिद्ध वाँग फेई-हुंग यांचे. अशी खरी गुरुपरंपरा असलेला माणूस १९७८ मध्ये 'थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' करतो आणि चित्रपटाचा मोठा भाग निव्वळ शिकण्यावर खर्च करतो. पाणी वाहणं, तोल सांभाळणं, मनगट, डोळे, डोकं. एका शिष्याची साधना इतक्या धीराने दाखवणारा दुसरा चित्रपट मला माहीत नाही.

९. ब्रूस ली शॉचा हीरो होता ना?

नव्हता. मला सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. अमेरिकेतून परतताना त्याची शॉशी बोलणी झाली, पण त्याच्यासमोर नेहमीचा ठरीव पगाराचा करार ठेवला गेला. त्याने गोल्डन हार्वेस्ट या नव्या कंपनीकडे (प्रश्न १०) जाऊन १९७१ मध्ये 'द बिग बॉस' केला.

गोंधळ होण्याचं एक कारण आहे. अमेरिकेत कुंग फूची लाट १९७३ च्या वसंतात वॉर्नरने लावलेल्या 'फाइव्ह फिंगर्स ऑफ डेथ'ने सुरू झाली. तो चित्रपट शॉचा, नायक लो लिएह, आणि दिग्दर्शक कोरियाचे जाँग चांग-ह्वा. 'एंटर द ड्रॅगन' त्यानंतर काही महिन्यांनी आला.

१०. गोल्डन हार्वेस्ट हा शॉचाच भाग होता का?

शॉचीच माणसं, पण शत्रुपक्षात. रेमंड चाउ हे रनरन यांचे उजवे हात. १९७० मध्ये ते लेनर्ड हो यांच्यासह बाहेर पडले आणि गोल्डन हार्वेस्ट काढली. शॉच्या पगारी पद्धतीऐवजी त्यांनी कलाकारांना स्वतःची निर्मिती संस्था आणि नफ्यात वाटा दिला. ब्रूस ली गेला तो याच कारणाने. मायकेल हुई शॉकडे नाव कमावून १९७४ मध्ये तिकडेच गेले.

११. एवढं साम्राज्य बंद का पडलं? दिवाळं निघालं का?

दिवाळं निघालं नाही. रनरन यांनी चित्रपटनिर्मिती हळूहळू थांबवली, कारण त्यांना पुढचा पडदा दिसला होता, घरातला. १९६७ मध्ये सुरू झालेल्या टीव्हीबी या वाहिनीच्या संस्थापकांत ते होते, १९८० मध्ये अध्यक्ष झाले. रोज संध्याकाळी हाँगकाँगमधली बहुसंख्य घरं ती वाहिनी लावत. टीव्हीबीच्या प्रशिक्षणवर्गातून चाउ युन-फॅट आणि टोनी लेउंग आले.

दुसरीकडे चित्रपटांची बाजू कठीण होत गेली. चांगली माणसं निघून जात होती (प्रश्न १०). खर्चावर कडक नजर होती. आधी गायिका असलेल्या मोना फाँग यांच्या हाती निर्मितीचा कारभार आला आणि त्या पै-पैचा हिशेब मागत. १९९७ मध्ये त्यांचा रनरन यांच्याशी विवाह झाला. नवे दिग्दर्शक खऱ्या रस्त्यांवर कॅमेरा नेत होते, तेव्हा शॉचे वीर त्याच रंगवलेल्या आकाशाखाली लढत होते. १९८० च्या दशकाच्या मध्यात नेहमीची निर्मिती थांबली, हाँगकाँगमधली चित्रपटगृहं दुसऱ्या कंपनीने भाड्याने घेतली आणि मूव्हीटाउन टीव्हीबीच्या मालिकांसाठी गेलं. २००३ मध्ये वाहिनीही तिथून हलली.

एक गोष्ट मला पटत नाही. 'टीव्हीने शॉला मारलं' असं सरसकट लिहिलं जातं. टीव्ही शॉच्याच घरात होता. ज्या घट्ट पकडीने मूव्हीटाउन उभं राहिलं, तिनेच त्यातली माणसं बाहेर घालवली.

१२. ओठ आणि आवाज जुळत नाहीत. माझी प्रत खराब आहे का?

प्रत ठीक आहे. शॉमध्ये बहुतेक चित्रीकरण थेट आवाजाशिवाय होई आणि आवाज नंतर भरला जाई. कँटोनीज बोलणाऱ्या नटाला मँडरिन आवाज दुसराच कुणी देई. इंग्रजी आवाजातल्या प्रतीत तर ही तफावत दुप्पट होते, म्हणून मँडरिन ऐका आणि खालचा मजकूर वाचा.

खराब प्रत ओळखायची खूण वेगळी. शॉस्कोप हा रुंद पडदा होता. कडेला उभा असलेला माणूस अर्धा कापलेला दिसला, तर ती जुन्या टीव्हीसाठी छाटलेली प्रत आहे. ती बाजूला ठेवा.

१३. संगीत ओळखीचं वाटतं. चोरलेलं आहे का?

शॉ बरंच पार्श्वसंगीत तयार संग्रहांतून घेई, कधी दुसऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकांतूनही. 'फाइव्ह फिंगर्स ऑफ डेथ'मध्ये राग चढताना वाजणारा भोंगा हा क्विन्सी जोन्स यांनी 'आयर्नसाइड' या अमेरिकी मालिकेसाठी केलेल्या धुनेतला आहे. अमेरिकी दिग्दर्शक टॅरंटिनोने २००३ च्या 'किल बिल'मध्ये तोच भोंगा वापरला, चित्रपटाची सुरुवात शॉस्कोपच्या चिन्हाने केली आणि 'थर्टी-सिक्स्थ चेंबर'चा नायक गॉर्डन लिऊ यालाही घेतलं. त्याआधी १९९३ मध्ये वू-टँग क्लॅन या न्यूयॉर्कच्या रॅप गटाने आपल्या पहिल्या अल्बमच्या नावातच ते छत्तीस कक्ष घातले होते. त्या शहराच्या स्वस्त चित्रपटगृहांत आणि टीव्हीवर ही पोरं शॉचे चित्रपट पाहत वाढली.

१४. 'ब्लेड रनर'मध्ये रन रन शॉ यांचं नाव कसं?

पैसे घातले म्हणून. १९८२ च्या त्या चित्रपटाच्या भांडवलदारांत ते होते. त्याआधी १९७४ मध्ये ब्रिटनच्या हॅमर कंपनीबरोबर त्यांनी कुंग फू आणि रक्तपिपासू भुतं यांचा एकत्र चित्रपटही केला होता. असे चित्रपट 'शॉचे चित्रपट' म्हणून मोजू नयेत.

१५. हे सगळे चित्रपट मिळतात का?

सेलेस्टियल पिक्चर्सने २००० मध्ये ७६० चित्रपटांचे हक्क घेतले आणि २००२ पासून ते स्वच्छ करून आणले. तोवर रनरन यांनी ते अनेक वर्षं कपाटात ठेवले होते, त्यामुळे लोक फक्त झिजलेल्या प्रती पाहत होते. सुरुवात करायची तर 'कम ड्रिंक विथ मी', मग 'थर्टी-सिक्स्थ चेंबर', मग 'द लव्ह इटर्न'.

शांघायच्या थ्येनयी काळातलं मात्र जवळजवळ काहीच उरलेलं नाही. १९२६ ची ती पहिली फुलपाखरं आपल्याला पाहायला मिळणार नाहीत.

१६. शास्त्रज्ञांना मिळणारा शॉ पुरस्कार याच शॉ यांचा का?

याच रनरन यांचा. त्यांनी २००२ मध्ये तो स्थापन केला आणि २००४ पासून तो खगोलशास्त्र, जीवशास्त्र-वैद्यक आणि गणित यांसाठी दिला जातो. चीनमधल्या विद्यापीठांत आणि शाळांत त्यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या हजारो इमारती आहेत. त्यांच्या चिनी नावावरून त्यांना 'यीफू इमारत' म्हणतात. तिथल्या कित्येक विद्यार्थ्यांना ते चित्रपटवाले होते हे नंतर कळतं.

२०२४ चा खगोलशास्त्राचा शॉ पुरस्कार श्रीनिवास कुलकर्णी यांना मिळाला. जन्म कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा, बालपण हुबळीत, काम कॅलिफोर्नियात. मिलिसेकंद पल्सार (अतिवेगाने फिरणारे मृत तारे), गॅमा किरणांचे स्फोट, अचानक उजळणारे तारे हा त्यांचा विषय.